खंडेनवमीला आत चाललेला जनरेटर

मी चौथी शिकले. लिहायची सवय नाही. पण मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजी, रोज पानभर काहीतरी लिहीत जा, डोक्याला व्यायाम होतो. आधी मी भाज्यांची नावं लिहिली. मग नातेवाइकांची लिहिली. नातेवाईक संपले, तेव्हा म्हटलं जे झालं तेच लिहावं.

ज्यांच्या मळ्यात, दुकानात किंवा लग्नाच्या मांडवात दोरी ओढून चालू करायचा छोटा जनरेटर असतो, त्यांनी हे वाचावं. ज्यांच्या घरात कोणी त्याच्या धुरातून वाचलंय आणि नंतर काही दिवसांनी विचित्र वागायला लागलंय, त्यांनी तर वाचावंच. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

आमची फुलांची खोली

आमचा मळा पंचवटीच्या मागच्या अंगाला, मखमलाबादच्या वाटेवर. झेंडू, शेवंती आणि थोडा निशिगंध. घरात मी, माझा मुलगा दत्तू आणि त्याची बायको सुनंदा. शेजारच्या दोन खोल्यांत माझी धाकटी जाऊ मथुरा राहते. तीही माझ्यासारखीच विधवा. आम्ही दोघी आयुष्यभर एका चुलीवर भांडलो आणि एका पाटीत फुलं तोडली.

दसरा म्हणजे आमची सुगी. त्या दिवसांत आम्ही झेंडू तोडून आणतो, घराला लागून असलेल्या मोठ्या खोलीत ताडपत्रीवर पसरतो आणि माळा ओवतो. खोलीला एक खिडकी आहे आणि पुढे दुकानासारखं शटर. दसऱ्याच्या सुमारास पाऊस हटकून येतो. ओलं फूल ढिगात राहिलं की आतून तापतं आणि सकाळी काळं निघतं. म्हणून फुलांवर पंखे सोडावे लागतात. वीज गेली की पंखे बंद, म्हणून जनरेटर घेतला.

तो नेहमी बाहेर, विहिरीच्या कठड्याजवळ पत्र्याखाली असायचा. तिथून दत्तूने लांब वायर आणली होती. कित्येक पावसाळे तो तिथे चालला आणि कोणाचा केसही वाकडा झाला नाही. धूर वाईट असतो हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. किती वाईट असतो ते माहीत नव्हतं.

खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्यात अवजारांची पूजा होते. कोयते, खुरपी, कात्र्या, फवारणीचा पंप, तराजू, सगळं धुऊन खोलीत भिंतीशी ओळीने मांडतात. त्या दिवशी दत्तूने जनरेटरही चाकांवरून आत आणला, पुसला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. धूप लावला. पूजलेलं अवजार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, हा आमचा रिवाज. माझ्या सासूने पाळला, तिच्या सासूने पाळला. तेव्हा अवजारं म्हणजे लोखंड आणि लाकूड. ती भिंतीशी पडून राहिली तर कोणाचं काय बिघडणार होतं?

दुपारी पाऊस आला आणि वीज गेली. ताडपत्रीवर ओल्या फुलांचा थर होता. दत्तूला भरलेला टेम्पो घेऊन बाजारात जायचं होतं, उशीर चालणार नव्हता. तो म्हणाला, मशीन बाहेर काढतो आणि चालू करून जातो.

मथुरा म्हणाली, "पूजलेलं हलवायचं नाय, दत्तू. जिथं हाय तिथंच चालू कर. शटर हाय ना उघडं."

मला ते पटलं. दत्तूलाही पटलं. त्याने आधी मशीनला हात जोडले, मग दोरी ओढली. पंखे फिरायला लागले. तो निघून गेला.

वाऱ्याने पावसाचे तुषार आत यायला लागले आणि पुढची फुलं पुन्हा भिजायला लागली, म्हणून आम्ही शटर खाली ओढलं. गुडघ्याइतकी फट ठेवली. खिडकी आधीच बंद होती. पंखे जोरात चालले होते, तोंडावर वारा येत होता, म्हणून कोंदट वाटलं नाही. पंखा बाहेरची हवा आणत नाही, खोलीत जी असते तीच फिरवतो. हे मला दवाखान्यात कळलं. तोवर मला वाटायचं, वारा लागतोय म्हणजे हवा चांगली आहे.

धुपाचा वास इतका दाटला होता की मशीनचा वास वेगळा कळला नाही. कळला असता तरी उपयोग नव्हता. त्यातलं जे मारतं त्याला वासच नसतो.

पित्त

नवरात्राचे उपास चालू होते. शेवटचा दिवस म्हणजे पोटात साबुदाण्याचे चार घास आणि चहा. माझं डोकं दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, पित्त चढलं. दर वर्षी चढतं. मथुरेला मळमळायला लागलं. तिला साखरेचा आजार आहे, ती म्हणाली साखर उतरली असेल, आणि तिने प्रसादाचा पेढा तोंडात टाकला. मग मला गरगरलं. म्हटलं, मान खाली घालून बसल्याने होतंय.

आम्हा दोघींना एकाच खोलीत, एकाच वेळी त्रास होत होता आणि आम्ही दोघींनी आपापलं वेगळं कारण शोधून ठेवलं होतं. कोणी उपास करत नसतं तर कदाचित लवकर शंका आली असती. उपासाच्या दिवसात बाईचं डोकं दुखलं तर कोणी विचारत नाही, ती स्वतःही विचारत नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही. हात जड झाले. सुई फुलाच्या मधोमध जात नव्हती. नंतर सुनंदाने मला ती माळ दाखवली. शेवटच्या वावभर दोऱ्यात एकही फूल अख्खं नव्हतं, नुसत्या फाटक्या पाकळ्या ओवल्या होत्या.

सुनंदा बाहेर होती

सुनंदाची त्या दिवशी अडचण होती, म्हणून ती बाजूला बसली होती. पूजेला हात नाही, फुलांना हात नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ती लसूण सोलत होती.

चहाची वेळ झाली म्हणून तिने आम्हाला हाक मारली. उत्तर आलं नाही. तिला वाटलं मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. पुन्हा मारली. मग तिने शटरखाली वाकून पाहिलं. मथुरा झेंडूच्या ढिगावर आडवी होती, गाल लाल झालेले, जशी काही गाढ झोपली आहे. मी ताठ बसले होते, डोळे उघडे होते, आणि हाकेला ओ देत नव्हते.

तिच्या माहेरी गाळ काढायला विहिरीत उतरलेली माणसं आतल्या विषारी हवेने गेली होती. एक पडला म्हणून दुसरा उतरला, तोही पडला. लहानपणी पाहिलेलं ते तिच्या डोक्यात होतं. म्हणून ती आत धावली नाही. आधी शटर सगळं वर ढकललं, बाहेर तोंड करून श्वास भरला, आत जाऊन मशीनचं बटण बंद केलं आणि बाहेर आली. पुन्हा श्वास भरून गेली आणि मथुरेला काखेत हात घालून ओढत आणलं. मग मला. मी उभी राहिले आणि गुडघ्यातून दुमडले. पाय माझे नव्हतेच.

आरडाओरडा ऐकून शेजारचा आला. त्याच्याच गाडीत घालून आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं.

ज्या दिवशी कळलं

मथुरा गाडीतच जागी झाली आणि उलटी केली. मी हळूहळू शुद्धीवर येत होते. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आमच्या बोटांना ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चांगला आला. मथुरा लगेच म्हणाली, बाई, उपास हायेत, पित्त झालंय, एखादी गोळी द्या.

डॉक्टरीणबाई गोळी लिहायच्या थांबल्या. त्यांनी विचारलं, दोघींना एकाच वेळी झालं का? कुठे बसला होतात? आत काही जळत होतं का? मथुरा म्हणाली, धूप. सुनंदा म्हणाली, "जनरेटर चालू होता. आत."

मग तिथली सगळी माणसं भराभर हलायला लागली. रक्त घेतलं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क घट्ट बांधला. सुनंदाने त्यांना त्या चिमट्याचं विचारलं, की आकडा तर चांगला आहे. त्या म्हणाल्या, हा धूर रक्तात ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसतो आणि या चिमट्याला तो फरक कळत नाही. हे ध्यानात ठेवा. धुरात सापडलेल्या माणसाचा बोटावरचा आकडा चांगला आला म्हणून त्याला घरी नेऊ नका.

दत्तू बाजारातून थेट आला. अंगावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. खाटेशी उभा राहून म्हणाला, "आई, माझ्या हातानं दोरी ओढली मी." आणि कपाळ बडवून घ्यायला लागला. मला त्याची कीव आली, पण मास्कमधून लांबलचक बोलता येत नव्हतं. मी विचारलं, फुलं गेली का सगळी? तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. मग जाऊन बाहेर बसला.

वॉर्डात

तिथे दिवसाचं एक ठरलेलं गाडं असतं. सकाळी झाडू, मग फिनेलचा वास, मग डॉक्टर येतात, मग नातेवाइकांचे डबे. मास्क काढून चार घास खायचे, पुन्हा लावायचा. मास्कच्या कडेने गालाला वळ पडतात. मला त्याचा राग यायचा, पण तो काढला की डोकं ठणकायचं, म्हणून मुकाट्याने लावायची. शेजारच्या खाटेवर पेठकडची एक बाई होती, दम्याची. तिच्याकडे भेटायला फारसं कोणी येत नव्हतं. सुनंदा आमच्यासाठी डबा आणायची त्यात तिची भाकरीही आणायला लागली. त्या बाईने एका दुपारी माझ्या केसांची गाठ सोडवून वेणी घातली. इतक्या वर्षांत माझी वेणी दुसऱ्या कोणी घातली नव्हती. मला बरं वाटलं. आजारपणात अशा दोन-चार गोष्टी मिळतात, त्या घ्याव्यात.

दसऱ्याच्या सकाळी मथुरा मास्क बाजूला करून म्हणाली, "जाऊबाई, देवीनं वाचवलं."

मी म्हटलं, "देवी आपल्याबरोबर आत होती. बाहेर सुनंदा होती."

सुनंदा डबा उघडत होती. तिने मान वर केली नाही. मथुरेने मास्क पुन्हा तोंडावर ओढला. त्यानंतर आमच्या घरात कोणाला बाजूला बसवलेलं नाही. तसं कोणी जाहीर केलं नाही, पुढच्या महिन्यात सुनंदा बसली नाही आणि आम्ही काही बोललो नाही, इतकंच.

आम्हाला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पुढच्या काही आठवड्यांत चालण्यात, वागण्यात, आठवणीत फरक वाटला तर लगेच या. दत्तू तेव्हा औषधं आणायला गेला होता. मी चपला शोधत होते. मथुरा शेजारणींचा निरोप घेत होती. ऐकलं एकट्या सुनंदाने.

बरी झाले आणि मग बिघडले

दिवाळीपर्यंत मी ठणठणीत होते. फराळ केला. मळ्यात जाऊन आले. मथुराही बरी झाली, ती आजही बरी आहे. माणसागणिक वेगळं असतं म्हणतात.

दिवाळीनंतर माझं सुरू झालं. आमटीत मीठ दोनदा पडलं. मग चहात मीठ पडलं. एकदा विहिरीकडे निघाले आणि मध्येच उभी राहिले, कारण कुठे निघाले ते आठवेना, आणि परत कुठल्या बाजूला जायचं तेही कळेना. पाऊल घासत पडायला लागलं. बोलताना शब्द सापडेनात. कोणी काही विचारलं की उत्तर मला आतून दिसायचं, पण तोंडाशी येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा.

आणि लुगड्यात लघवी व्हायला लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला होत असेल तर तिने लपवू नये. मी लपवलं. ओलं लुगडं बादलीत सगळ्यात खाली कोंबून ठेवायची. सुनंदाने ते ओळखलं आणि एक अक्षर न बोलता धुऊन टाकलं.

येणारेजाणारे म्हणायचे, वय झालं आता. दत्तूही तेच म्हणाला. तो माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला, जसं तापाने फणफणलेल्या लेकराशी बोलतात. आई, बस हं. आई, मी देतो हं. मथुरासुद्धा गोड बोलायला लागली. तेव्हा मला खरी भीती वाटली. आयुष्यभर जी बाई माझ्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडत आली, ती आता मी काहीही म्हटलं तरी हो म्हणत होती. माझं म्हणणं खोडण्याइतकी किंमत आता माझ्यात राहिली नाही, असं मला वाटायचं.

चांदवडहून माझी लेक कमल आली. मला पाहून रडली आणि मग ठरवूनच बसली, की आईला घेऊन जाते. तिचं घर मोठं, माणसं चांगली. पण मला ठाऊक होतं, म्हातारं माणूस असं एकदा हललं की परत येत नाही. माझं डोकं वयाने चाललं असेल तर ते खालीच जाणार होतं, आणि मग मी कुठे राहते ते ठरवायचा अधिकार माझ्याकडे राहणार नव्हता. मला मळ्यातच राहायचं होतं, माझ्या डोक्यासकट. हे मला सांगायचं होतं. शब्द जुळले नाहीत. मी नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

कमल म्हणाली, "वहिनी, ती माझी आई आहे. मी नेणार."

सुनंदा म्हणाली, "मग धुणं धुवायला या ताई. न्यायला येऊ नका." मग दत्तूकडे वळली. "हे वय नाय. वय असं चार दिवसांत येतं का? दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं परत या म्हणून. तुम्हाला कोणाला ऐकायला सवड नव्हती."

कमलला राग आला. घरात मोठं भांडण झालं आणि ते माझ्यावरून होतं, माझ्याशी नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दत्तू मला दवाखान्यात घेऊन गेला. कमलही बरोबर आली.

घड्याळ

मेंदूच्या डॉक्टरांनी महिना विचारला. मी सांगितलेला चुकला. मग कागद दिला आणि म्हणाले, आजी, घड्याळ काढा. मी गोल काढला. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले, दुसरी बाजू रिकामी राहिली. मला दिसत होतं की हे चुकलंय. ते दुरुस्त कसं करायचं ते सापडत नव्हतं. कमलने तोंड फिरवलं.

मग मोठ्या नळीच्या यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. आत खडखडाट असतो, कानात बोळे देतात. डोळे मिटून पडायचं, दुसरं काही करायचं नसतं.

डॉक्टर म्हणाले, हे वयाचं नाही. त्या दिवशीच्या धुराने मेंदूला इजा झाली, ती काही जणांत अशी उशिरा वर येते. माणूस बरा झाला म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि मग हे सुरू होतं. दत्तूने विचारलं, गेलेलं परत येईल का? डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, पुष्कळांचं बऱ्यापैकी परत येतं, महिने लागतात. सगळ्यांचं सगळं येतंच असं सांगता येत नाही.

मला ते बोलणं आवडलं, कारण ते मला उद्देशून होतं आणि त्यात गोडवा नव्हता. परत येताना गाडीत कमल माझा हात धरून बसली होती. ओट्यावर उतरल्यावर म्हणाली, आई, तू इथेच राहा, मी येत जाईन. आणि ती खरंच येते. आली की आधी बादली उचलते. सुनंदाने मारलेला टोमणा तिने मनावर घेतला, पण सरळ अर्थाने घेतला.

सराव

रोज अंगणात दोरी धरून चालायचं. पाऊल उचलून टाकायचं, घासायचं नाही. ताटात मूग आणि मटकी मिसळून वेगळी करायची. सुईत दोरा ओवायचा. ठरल्या वेळी लघवीला जायचं, लागली असो वा नसो. पानभर लिहायचं. पहिली पानं आता पाहिली तर अक्षरं मुंग्यांसारखी एकमेकींवर चढलेली आहेत.

कधी आठवडा चांगला जायचा, मग पुन्हा एक दिवस असा यायचा की सुनंदाचं नाव सापडायचं नाही. तेव्हा मी तिला अगं म्हणून वेळ मारून न्यायची. तिला कळायचं. घरात ताण होता. मळ्याचं काम, माझं काम, सगळं तिच्यावर. दत्तू स्वतःवरच चिडलेला, आणि ती चीड तो जेवणावर काढायचा. एकदा मागच्या दारी सुनंदा एकटीच हुंदके देत होती. मी गेले, शेजारी बसले. काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आणि या वेळी ते आजारामुळे नव्हतं.

मला गॅसजवळ जायला बंदी होती. चहात मीठ घातलं होतं त्यानंतर एकदा मी शेगडी चालू ठेवून अंगणात गेले होते. बंदी बरोबरच होती. पण आयुष्यभर ज्या बाईने चूल पेटवली तिला दुसऱ्याने पाणी द्यायचं, चहा द्यायचा, हे सोसत नाही.

जनरेटर असेल तर

हे दत्तूने आणि मी मिळून लिहिलंय, कारण मशीनचं त्याला जास्त कळतं.

जनरेटर घरात, पडवीत, गोठ्यात, शटर असलेल्या गाळ्यात चालवू नये. दार उघडं आहे, खिडकी उघडी आहे, पंखा चालू आहे, या सबबी सांगू नयेत. तो बाहेर मोकळ्यावर, दारखिडक्यांपासून जितका लांब नेता येईल तितका लांब ठेवावा आणि धुराचं नळकांडं घराच्या उलट्या बाजूला करावं. वाऱ्याचा रोख बघावा. पाऊस असेल तर वर पत्रा घालावा, चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पावसाला घाबरून मशीन आत आणण्यापेक्षा फुलं सडलेली परवडतात.

पेट्रोल ओतायचं तर मशीन बंद करून, थंड झाल्यावर. पेट्रोलचा कॅन मशीनजवळ किंवा घरात ठेवू नये. ओल्या हाताने वायर लावू नये. वायर जाड आणि न सोललेली असावी. त्याची वीज घरातल्या बोर्डात उलटी घालू नये. ती बाहेरच्या तारेत उतरते, आणि तारेवर काम करणारा वायरमन कोणाचा तरी मुलगा असतो.

आणि खोलीत एकापेक्षा जास्त माणसांची डोकी एकदम दुखायला लागली तर पित्त, उपास, साखर, झोप काहीही असो, आधी बाहेर यावं. भांडण बाहेर करावं. आतल्याला काढायला जाणाऱ्याने आधी सगळं उघडावं.

पूजेचं म्हणाल तर दत्तूने पुरोहितांना विचारलं. ते म्हणाले, पूजा विहिरीजवळच्या पत्र्याखाली केली तरी चालते. मथुरेने विचारलं, आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, तुम्ही आधी विचारलं नाही.

भाकरी

आता उन्हाळा लागलाय. मी बरी आहे. पूर्ण नाही. संध्याकाळी शब्द मागे पडतात आणि गर्दीत मला अजून दिशा कळत नाही. घड्याळ मात्र काढता येतं.

परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सुनंदा बाजरीच्या भाकऱ्या थापत होती आणि गरम गरम वाढत होती. मी तुकडा मोडला. मधे कच्ची होती. मी म्हटलं, तवा तापू देत नाहीस, पहिल्यापासून तुझं हेच आहे.

गेले कित्येक महिने मी असं काही बोलले की ती म्हणायची, हो आत्याबाई, उद्या नीट करते. आवाज मऊ असायचा.

परवा तिने हातातला गोळा परातीत टाकला. म्हणाली, "मग तुम्हीच करा. हात धड हायेत ना आता. सकाळपासून मळ्यात वाकलेय मी, माझी कंबर कोणी विचारत नाय, भाकरीला मात्र नावं ठेवायला सगळे पुढं."

दत्तूचा घास तोंडाशी थांबला. मथुरा माझ्याकडे पाहायला लागली. सुनंदाने हात धुतले, पदर खोचला आणि पाण्याची बारी बघायला मळ्यात निघून गेली. शेगडी चालूच होती. तिने बंद केली नाही, दत्तूला बंद करायला सांगितली नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

दत्तू उठायला लागला. मी त्याला म्हटलं, तू जेव.

मी परातीपाशी बसले. पिठाला पाण्याचा हबका मारला. पहिली भाकरी उलटताना मोडली. दुसरी फुगली, ती सुनंदासाठी टोपल्यात झाकून ठेवली.